एक सही आणि तीन चवथी

या वेळचं पत्र फोंड्याकडून आलं आहे. लिहिणारी 43 वर्षांची, माहेर सत्तरीतलं. वडील चार वर्षांपूर्वी गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर थोरल्या भावाने सांगितलं की घरावर कर्ज काढायचं आहे, कागदपत्रांसाठी तुझी आणि भावजींची सही लागेल. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन दोघांनी सही केली. काही महिन्यांनी कळलं की तो मूळ घरातला आणि कुळागरातला, म्हणजे पोफळींच्या बागायतीतला, आपला वाटा सोडून दिल्याचा कागद होता. जाब विचारायला ती माहेरी गेली, तेव्हा भाऊ म्हणाला, "दिल्या घरच्या मुलीचं इथे काय असतं?" आई तिथेच होती. त्यानंतर तीन चवथी, म्हणजे तीन गणेशचतुर्थ्या, गेल्या. ती माहेरी गेलेली नाही आणि कोणी बोलावलेलंही नाही. ती लिहिते:

"ताई, सगळे सांगतात, दुःखातून माणूस घडतो. मैत्रिणी व्हिडिओ पाठवतात की जखम ही देणगी आहे, तिचे आभार माना. मी तीन वर्षं वाट बघतेय. मी घडले वगैरे काही नाही, नुसती चिडकी झाले. मुलांवर ओरडते. सासरी चवथीला गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधतात, मी हातसुद्धा लावत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

प्रिय बाय,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मी एकेरीतच लिहिते. तुझी सहा पानं मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती, कारण पहिल्या वाचनात मला भावाचाच राग आला आणि त्या रागात बाकीचं निसटलं.

आधी चौथ्या पानावरचं एक वाक्य. तू ते लिहून खोडलंस, पण नीट खोडलं नाहीस: "कधी कधी सकाळी वाटतं, उठूच नये." बाय, हे थकून लिहिलंस की जगणंच नको वाटतं म्हणून लिहिलंस, हे मला कागदावरून कळत नाही आणि मी अंदाजही करणार नाही. जगणं नको असं वाटत असेल तर हे वाचायचं थांबव आणि 14416 या नंबरवर फोन लाव. टेली मानस नावाची ही सरकारी सेवा 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही फोन घेतात आणि मराठीत बोलता येतं. नवऱ्यालाही आजच सांग. तसं नसेल, पण झोप आणि जेवण दोन-दोन आठवडे बिघडलेलं असेल, कशातच मन लागत नसेल, तरीही डॉक्टरला दाखव. बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे, लोक तिला आयपीएचबी म्हणतात. तिथे जाऊन केसपेपर काढला म्हणून कोणी वेडं ठरत नाही. आपल्याकडे अजूनही ही भीती आहे आणि तिच्यापायी चांगली चांगली माणसं वर्षानुवर्षं एकटी कुढत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता तुझा प्रश्न. तुझ्यात काही कमी नाही. तुला जे सांगितलं गेलं तेच अर्धवट आहे.

दुःखातून माणूस वाढतो हे म्हणणं जुनंच आहे, पण हल्ली ते ज्या थाटात फिरतं त्याच्या मागे एक संशोधन आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1996 साली 21 विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मोठा आघात सोसलेल्या माणसांना त्यांनी विचारलं की तुमच्यात काय बदललं. माणसांशी नातं जवळचं झालं का, स्वतःच्या ताकदीचा अंदाज आला का, नव्या वाटा दिसल्या का, श्रद्धेत काही हललं का, जगण्याची किंमत कळली का. बऱ्याच जणांनी यातल्या कशाला ना कशाला हो म्हटलं. इथपर्यंतचं तुझ्या मैत्रिणींच्या व्हिडिओत येतं. पुढचं येत नाही. त्या दोघांनी स्पष्ट लिहिलं आहे की वाढ आघातामुळे होत नाही. आघातानंतर माणूस जी झुंज देतो, कोसळलेल्या समजुतींच्या जागी पुन्हा काहीतरी उभं करायची जी खटपट करतो, तिच्यातून ती होते. आणि ती झाली तरी दुःख जात नाही, दोन्ही एकाच घरात राहतात. नंतर दुसऱ्या संशोधकांनी आघाताच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा मोजणी केली, तेव्हा दिसलं की "मी खूप वाढले" असं सांगणाऱ्या माणसात तेवढा बदल झालेला असतोच असं नाही. सांगणं आणि होणं यात अंतर असतं. म्हणून व्हिडिओत हसऱ्या चेहऱ्याने बोलणाऱ्या बाईशी स्वतःची तुलना करू नकोस.

तू स्वतःला चिडकी म्हणतेस. मला त्यात वेगळं दिसतं. माझ्यावर अन्याय झाला, हे तुझ्या आतलं कोणीतरी तीन वर्षं विसरायला तयार नाही. जिला स्वतःची किंमतच वाटत नाही ती चिडत नाही, गप्प होते. पण मुलांवर ओरडतेस त्याचं काय करायचं ते सोपं आहे आणि आजच करायचं आहे: त्यांना जवळ बसवून सांग की माझा राग तुमच्यावर नाही, मामाच्या घरी जे झालं त्याचा आहे, आणि मी तो तुमच्यावर काढते हे चुकतं. पोरांना तेवढं समजतं. न सांगितलं तर ती स्वतःला दोषी धरतात.

माझं थोडं सांगते. 36 वर्षांपूर्वी माझं पहिलं मूल पोटातच गेलं, सातवा महिना चालू होता. घरी आले तेव्हा येईल तो म्हणे, "जाता तें बऱ्याक जाता." दुसरं होईल, वय आहे, देवाने काहीतरी योजलं असेल. सगळी मायेची माणसं होती, कोणी वाईट हेतूने बोलत नव्हतं. पण प्रत्येक वाक्यानंतर मी आणखी आत सरकत होते. आमच्या शेजारी एक म्हातारी किरिस्तांव माय राहायची. ती रोज संध्याकाळी यायची, मांडीवर सूप घ्यायची आणि आमचेच तांदूळ निवडत बसायची. खडे एका बाजूला, भाताचे दाणे दुसऱ्या बाजूला. बोलायची नाही. नवव्या दिवशी तिने मान वर न करता विचारलं, "चेडूं आशिल्लें मगो? नांव कितें दवरपाचें आशिल्लें?" मुलगी होती ना, नाव काय ठेवायचं होतं, असं. मी नाव सांगितलं. ते मी तोपर्यंत नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मग मी जी रडले ती दिवे लागणीपर्यंत रडत होते, आणि ती तांदूळ निवडत होती.

त्यानंतरच्या वर्षांत मी पुष्कळ बायकांबरोबर बसले, ऐकायला शिकले, हे सदरही त्यातूनच आलं. तरी माझी मुलगी जाणं ही देणगी होती असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. मला कोणी घडवलं असेल तर त्या मायने.

म्हणून तुला विचारते, तुझ्याकडे असं कोण आहे? नवरा चांगला आहे म्हणतेस, पण तो "सोडून दे" म्हणतो. मला त्याच्याबद्दल एक शंका येते, पटते का बघ. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, म्हणून त्या कागदावर त्याचीही सही लागली. त्यानेही न वाचता सही केली. तू तो विषय काढलास की त्याला स्वतःचा गाफीलपणा आठवत असेल. "सोडून दे" हे तो तुला सांगतोय की स्वतःला? एकदा शांतपणे म्हण, "आपण दोघं फसलो." तू नेहमी "मी फसले" असंच म्हणत आली असशील. आणि तो नसेल तर एखादी मावशी, शाळेतली मैत्रीण, कोणीही. सल्ला न देता शेजारी बसू शकेल असं माणूस हवं.

आता ते, ज्यासाठी मी पेन्सिल घेतली होती. तुझ्या पत्रात भाऊ पानोपानी आहे. त्याची गाडी, त्याचं बोलणं, त्याने कचेरीबाहेर पाजलेला चहा. आई मात्र एकदाच येते, पाचव्या पानाच्या शेवटी. "आई सुपारी कातरत बसली होती. अडकित्त्याचा आवाज चालूच राहिला. तिने वर बघितलं नाही." मग लगेच नवा परिच्छेद, पुन्हा भाऊ.

बाय, तुझी जखम इथे आहे असं मला वाटतं. भावाने जे घेतलं ते मोजता येतं, इतके चौरस मीटर, इतक्या पोफळी. त्या अडकित्त्याच्या आवाजात जे गेलं ते मोजायचं कशाने? तीन वर्षं तू भावाशी मनातल्या मनात भांडतेस, कारण त्याच्याशी भांडता येतं. जिच्यावर रागावायचं तिच्यावर रागावायची तुझी छाती होत नाही. वडील गेलेले, आई थकलेली, तिच्यावर कसं रागवायचं! पण राग आहे. तो आहे असं मान्य केल्याने तू वाईट मुलगी ठरत नाहीस.

तिची बाजू घेत नाही, फक्त दिसतं ते सांगते. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे नवरा गेल्यावर सामाईक मालमत्तेतला अर्धा हिस्सा बायकोचा स्वतःचाच असतो. म्हणजे ज्या घरात ती मान खाली घालून बसली होती त्या घराची बहुधा तीच मोठी मालकीण. आणि तरी तिला वर बघता आलं नाही. सुनेच्या हातचं जेवायचं, मुलाच्या गाडीतून डॉक्टरकडे जायचं, आजारपण त्याच छपराखाली काढायचं. भीतीने माणूस किती लहान होतं ते बघ. हे समजलं म्हणून तुझं दुखणं कमी होईल असं मी म्हणत नाही. पण "आईला मी नको होते" असं जे तू मनात धरून बसली असशील, ते त्या अडकित्त्याच्या आवाजावरून सिद्ध होत नाही.

मी मूळची चोडणची. आमच्याकडे खाजन शेती. नदीकडून बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाणी सोडायचं लाकडी दार. भरती आली की नदीचं पाणीच ते दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पाणी ते ढकलून उघडतं आणि बाहेर जातं. मी चौथीत असताना बांध फुटला आणि आमच्या शेतात खारं पाणी भरलं. बांध गावाने मिळून चिखल, पेंढा, चिरे घालून चार दिवसांत उभा केला. मला वाटलं झालं, आता पेरायचं. पण आजोबा पेरेनात. पाऊस सुरू झाला, शेत भरायचं, ओहोटीला मानशीतून रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं. दर आठ दिवसांनी आजोबा बांधावरून उतरायचे, चिमूटभर चिखल जिभेवर ठेवायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "ना, आजून." त्या वर्षी वरच्या तुकड्यातलं भात पिवळं पडलं. खालच्या तुकड्यात त्यांनी कोरगूट लावलं, खारटपणा सोसणारं, ते तेवढं हाताला लागलं. बाकीचं शेत पुढच्या पावसाने धुतलं.

मी या पत्राचा विचार करत होते आणि मला सारखी ती मानस आठवत होती. आपल्या भाषेत मनालाही मानसच म्हणतात. तुझी तक्रार आहे की पीक आलं नाही. मी विचारते, खारटपणा किती उरला? तीन वर्षांपूर्वी भावाचा नुसता विषय निघाला तरी हात थरथरायचे असं तू दुसऱ्या पानावर लिहिलंस. आता थरथरतात का? माहेरच्या वाटेवरच्या वाळपईच्या बसमध्ये बसवत नव्हतं, आता बसवतं का? हे आधी बघ. आणि खालच्या तुकड्यातही काही उगवतंय का ते बघ. सहा पानांचं पत्र लिहून पोस्टात टाकणारी बाई तीन वर्षांपूर्वी होती का?

आता करायच्या गोष्टी. फार नाहीत.

विचार दोन तऱ्हेचे असतात. एक बोलावल्याशिवाय येतात, भांडी घासताना, रात्री दीड वाजता, आणि तेच ते दृश्य फिरवून दाखवतात. दुसरा विचार आपण बसून करतो. पहिल्या तऱ्हेने माणूस झिजतो, दुसऱ्याने हळूहळू वाट निघते, हे टेडेस्की आणि कॅल्हून यांनीही सांगितलं आहे. पहिल्याला थोपवायचा एक मार्ग म्हणजे त्याला ठरलेली वेळ देणं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना त्याने सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत बोचऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं, मनात काय झालं त्यासकट. लिहून उठताना मुलं आणखी उदास होती. पण पुढच्या काही महिन्यांत ती इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेली. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले, सगळ्यांना सारखा उपयोग होतो असं दिसलं नाही, तेव्हा हे रामबाण समजू नकोस. करून बघ. चार दिवस, 15 मिनिटं, घड्याळ लावून. आईला लिही, भावाला नाही. कुणाला दाखवायचं नाही, पाठवायचं नाही, शेवटी चुलीत घातलंस तरी चालेल. लिहिताना फारच असह्य झालं तर थांब.

आणि एक सांगते, मला ते महत्त्वाचं वाटतं. पत्र तू मराठीत लिहिलंस, छान लिहिलंस. पण ते भांडण कोंकणीत झालं. आई तुझ्याशी कोंकणीत बोलते. आपण गोव्यातली माणसं घरात एका भाषेत रडतो आणि कागदावर दुसऱ्या भाषेत नीटनेटकी होतो. हे चार दिवसांचं लिखाण जी भाषा तोंडात येईल तिच्यात कर. शुद्धलेखन बघू नकोस.

दुसरं, माटोळी. तिसऱ्या पानावर तू लिहिलंस की चवथीच्या आधी बाबा तुलाच रानात न्यायचे, कारण भावाला जळवांची भीती. कांगलां कुठे मिळतात, माट्टां कधी धरतात, कवंडळाचा वेल कुठल्या झाडावर चढलेला असतो, केवणीची साल कशी सोलायची आणि तिच्या दोराने प्रत्येक घोस कसा बांधायचा, हे सगळं तुला येतं. मी ते वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. बाय, तो कागद कुळागराचा होता. केवणीची गाठ मारायला बाबांनी ज्या हातांना शिकवलं ते हात त्या कागदावर कुठे लिहिलेत? पण तीन वर्षं तूच ते हात बांधून ठेवलेस. समजतं मला. त्या फळांचा वास आला की बाबा आठवत असणार, आणि बाबा आठवले की ते घर.

तरीही हात लाव. मन बरं झालं की करीन, असं म्हणत बसलं तर ते बरं व्हायला काही कारणच मिळत नाही. हे मी पदरचं सांगत नाही. आपल्या गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतच एक मोठा अभ्यास झाला, 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. खूप खचलेल्या रुग्णांना इथल्याच साध्या माणसांनी, ज्यांच्याकडे मानसोपचाराची पदवी नव्हती पण नीट प्रशिक्षण घेतलेलं होतं, सहा ते आठ भेटींत मदत केली. त्या मदतीचा गाभा हाच होता की सोडून दिलेली, एकेकाळी जीव ज्यात होता अशी छोटी कामं एकेक करून पुन्हा सुरू करायची, मन नसलं तरी. नेहमीच्या उपचारांपेक्षा या मदतीने जास्त माणसं बरी झाली. म्हणून यंदा सगळी माटोळी बांधू नकोस. एक घोस बांध. मुलांना रानात घेऊन जा, किंवा रान नको वाटलं तर माटोळीच्या बाजारातून कांगलां आण, पण गाठ तू मार, आणि मारताना मुलांना सांग, ही गाठ तुमच्या आजोबांची. रडू आलं तर येऊ दे. त्यांनी ते बघितलं तरी चालेल.

माफीबद्दल. तुझ्या पत्रात "त्याने एकदा चूक कबूल केली असती तर" हे वाक्य चार वेळा आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा तू पाहिला असशील, हात पुढे केलेला उंच माणूस आणि समोर कोसळणारी बाई. 1756 साली कांदोळीत जन्मलेला हा धर्मगुरू पुढे पॅरिसमध्ये संमोहन करून दाखवायचा. तेव्हाचे लोक समजत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही शक्ती वाहते. फारियाने सांगितलं, माझ्यात तसलं काही नाही, घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. तू मात्र बरं व्हायची सगळी शक्ती भावाच्या हातात देऊन बसलीस. त्याने हात फिरवला तर तू उठणार. त्याची माफी आली तर घे, ती तुझा हक्कच आहे. पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणं आता पुरे. आणि तू त्याला माफ करावंस असा आग्रह जे धरतात, त्यांचंही ऐकू नकोस. माफ करावंसं वाटेल तेव्हा करशील, कधीच वाटलं नाही तर नाही. त्यासाठी मुदत नाही.

मुदत दुसऱ्या गोष्टीला आहे, ती मात्र लगेच बघ. गोव्यात वारसाहक्कात मुलगा आणि मुलगी समान. आधी 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याने, आणि आता 2012 च्या आपल्या राज्याच्या कायद्यानेही. खोटं सांगून घेतलेल्या सहीला कोर्टात आव्हान देता येतं, पण ठरावीक काळातच, आणि तुला कळल्याला तीन वर्षं होत आली. या आठवड्यात त्या कागदाची नक्कल काढ आणि दिवाणी कामं करणाऱ्या वकिलाला दाखव. दावा लावच असं मी म्हणत नाही. तो निर्णय तुमचा दोघांचा. पण मुदत टळून गेली आणि आपोआप काही ठरलं असं व्हायला नको. लावायचा तर समजून लाव, सोडायचा तर समजून सोड. पहिल्या वेळी तुला तेच मिळालं नाही, समजून ठरवायची संधी. लोक म्हणतील, दावा म्हणजे द्वेष. तसं नसतं. वकिलाकडे जाऊनही आईला भेटता येतं.

आईला भेटायचं का? मला वाटतं हो, पण चवथीला नको. चवथीला घर माणसांनी भरलेलं, भाऊ यजमान, सगळ्यांच्या नजरा तुझ्यावर. चार दिवसांचं लिखाण झालं की एखाद्या साध्या दुपारी, ती एकटी असेल अशा वेळी जा. देवळात गाठलीस तरी चालेल. जाब विचारू नकोस, वाट्याचं बोलू नकोस. तिच्याजवळ बस. सुपारी कातरत असेल तर दुसरा अडकित्ता घे. आणि जमलं तर एवढंच सांग की त्या दिवशी तू वर बघितलं नाहीस, ते मला अजून दुखतं. ती काय करेल मी सांगू शकत नाही. कदाचित रडेल, कदाचित चिडेल, कदाचित पुन्हा वर बघणारच नाही. म्हणून नवऱ्याला किंवा त्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की तसं झालं तर त्या रात्री मला तुझी गरज लागेल. एकटी परत येऊ नकोस.

चवथीला अजून सात आठवडे आहेत. तोवर मला पुन्हा लिही, कोंकणीत लिहिलंस तरी चालेल. आणि एक विचारायचं होतं. केवणीची साल सोलल्यावर बाबा ती पाण्यात ठेवायचे का, आणि किती वेळ? गेल्या वर्षी आमच्याकडे दोर दुसऱ्याच दिवशी तुटला आणि सगळा घोस खाली आला. इथे आता ते नीट सांगणारं कोणी उरलेलं नाही.

तुझी,
ताई